खाणीतली रेंज

चैत्राचं ऊन चढलं तशी ज्ञानदेवच्या पाठीवर घामोळी उठली. पाठीवर दिवसभर पिशवी आणि पिशवीत तीन फोन चालू. उन्हानं फोन तापत, फोनांनी पिशवी तापे. घरी येऊन सदरा काढला की खांद्यांवर पट्ट्यांचे वळ दिसत आणि मधे पाठ लालभडक. कौशल्या ओला पंचा पिळून तिच्यावर टाकी.

"सिमेटच्या गोण्यांनं कंबर गेली. आता पाठ बी घाला त्याईच्या घशात," ती म्हणे.

"हे काम हलकं हाये वं. चालाचंच त हाये."

काम खरंच हलकं होतं. वाशीमकडून पुण्यात आल्यापासून त्यानं बांधकामावर ओझीच वाहिली होती. कंबर धरली तेव्हा मुकादमानं त्याला उभंही करून घेतलं नाही. मग हे काम मिळालं. शहरात कुठल्या कंपनीचं कार्ड कुठं चालतं, कुणाचं नेट पळतं आणि कुणाचं अडतं, ते मोजायचं. एका फोनला लाल पट्टी चिकटवलेली, एकाला निळी, एकाला पिवळी. तीन कंपन्या, तीन रंग. ठरलेल्या रस्त्यानं चालायचं. फोन थरथरला की तिथंच थांबायचं, बटण दाबायचं, तिन्ही फोनांवर आकडा येईपर्यंत उभं राहायचं. मोठा आकडा म्हणजे नेट चांगलं. आकडे आपोआप ऑफिसात जात.

ऑफिस सदाशिव पेठेत, चष्म्याच्या दुकानावर होतं. मालक आमोद. वयानं ज्ञानदेवच्या मुलाएवढा. मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून त्यानं हा उद्योग काढला होता. माणूस वाईट नव्हता. चहा आला की ज्ञानदेवपुढंही कप ठेवायला सांगे. पण बोलणं सुरीसारखं.

पहिल्याच दिवशी त्याच पेठेतल्या एका बोळात फोन थरथरले. दोन्ही बाजूंना उंच इमारती, वर आभाळाची चिंधी. तिन्ही फोनांवर शून्य आलं. ज्ञानदेव ते घेऊन ऑफिसात परतला.

आमोदनं पडद्यावर बघितलं. "काका, सदाशिव पेठेत शून्य?"

"आलं तसं आणलं साहेब."

"इथे गच्चीगच्चीवर टॉवर आहेत. पिशवी घेऊन आडात उतरला होतात की काय?"

कॉम्प्युटरवर बसलेल्या दोन मुली खुदकन हसल्या. ज्ञानदेवच्या हातात चहाचा कप होता. तो कुठं ठेवावा ते त्याला कळेना.

"बोळ होता साहेब. दोन इमारतींच्या मधात."

"परत जाऊन बघा. फोन नीट धरत जा. जागा थोडी इकडेतिकडे झाली तरी चालते."

तो परत गेला. बोळाच्या तोंडाशी, रस्त्याच्या कडेला उभा राहिला. आकडे भराभर चढले.

"बघा," आमोद म्हणाला, "आला की नाही?"

गावाकडं कापूस वेचायला जायचा तेव्हा संध्याकाळी बांधावर काटा लागे. एकेकाचं गाठोडं काट्यावर चढे आणि मालक आकडा मोठ्यानं ओरडून सांगे. शेवटच्या वेचणीला झाडावर कापूसच नसे, तरी ज्याचं गाठोडं हलकं तो मान खाली घालूनच उभा राही. कापूस नव्हता असं कुणी म्हणत नसे. आकडा माणसाचा असे. ज्ञानदेवला हे कुणी समजावून सांगावं लागलं नव्हतं आणि ते चूक आहे असंही कुणी कधी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर त्यानं शून्य आणलं नाही. मंडईच्या दगडी इमारतीत, कांद्याबटाट्याच्या गाळ्यांमधे निळा फोन मरून पडला. ज्ञानदेव हमालांच्या अंगावर अंग घासत पायऱ्यांवर आला आणि तिथं बटण दाबलं. कर्वेनगरात एका सोसायटीच्या तळमजल्यावर लाल अडला, तर तो गेटबाहेर येऊन उभा राहिला. वॉचमननं हटकलं, "एवढे मोबाईल कुठले रे?" ज्ञानदेवच्या गळ्यातलं ओळखपत्र त्यानं दोनदा उलटंसुलटं करून पाहिलं. ज्ञानदेवनं तेही सोसलं. संध्याकाळी आमोद म्हणे, "काका, तुमचा डेटा एकदम स्वच्छ असतो." ज्ञानदेव मान डोलवी. पाठीची आग तेवढ्यापुरती थांबे.

मग एक दिवस रस्ता त्याच्या घरावरून गेला.

कर्वेनगरच्या पल्याड, टेकडीच्या अंगाला, दगडाची एक बंद पडलेली खाण होती. दगड काढून नेल्यावर जो खड्डा उरला त्यात वस्ती बसली होती. तीन बाजूंना काळा कातळ सरळ वर गेलेला, एक बाजू नदीकडं उघडी. पत्र्यांची घरं कातळाला पाठ लावून उभी. वर खाणीच्या काठावर महापालिकेची पाण्याची टाकी आणि तिच्या पलीकडं नव्या इमारती. काठावर जायला घरांमागून एक उभी पायवाट होती.

ज्ञानदेवच्या दाराशी येताच फोन थरथरले. लाल फोनवर आकडा रांगत रांगत थोडा वर आला. निळ्यावर काही नाही. पिवळ्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं.

शेजारची वेणूबाई उंबऱ्यावर तांदूळ निवडत होती. "काय मोजताय दादा?"

"नेट."

"आमचं किती भरलं मग?" ती हसली. "का आम्हाला त्यात बी काय नाय?"

समोर, खाणीच्या वर, इमारतींच्या काचा चमकत होत्या. तिथं त्यानं सकाळीच भरघोस आकडे घेतले होते. आता त्यांच्या शेजारी आपल्या वस्तीचं शून्य जाऊन बसणार. आमोद बघणार, त्या मुली बघणार. आणखी एक गोष्ट होती. आमोदनं सांगितलं होतं, एक कंपनी घरबसल्या फोनवर काम करणाऱ्या बायका शोधते आहे. जिथं नेट चांगलं तिथंच काम देणार आहेत. ज्ञानदेवनं सुनेचं नाव सांगून ठेवलं होतं.

चक्र थांबायच्या आत त्यानं ते बंद केलं. घरामागची पायवाट चढून तो काठावर, टाकीपाशी गेला. पिवळ्याचा आकडा उडी मारून वर गेला. पुण्यातल्या कुठल्याही पेठेच्या तोंडात मारेल असा. त्यानं बटण दाबलं, घाम पुसला आणि खाली आला.

"आपली वस्ती पास झाली," तो कौशल्याला म्हणाला.

पंधरवड्यात आनंदीला काम मिळालं.

आनंदी ज्ञानदेवच्या मुलाची, रतनची बायको. रतन ट्रक घेऊन दक्षिणेकडं जाई, महिन्यातून एखाद्या खेपेला घरी येई. आनंदी बारावी झालेली, वाचणं स्वच्छ, आवाज गोड. पण दोन वर्षांपूर्वी बांधकामावर सेंट्रिंगची जड लोखंडी प्लेट तिच्या उजव्या पावलावर पडली होती. हाडं वेडीवाकडी जुळली. बाहेरचं काम तिला कुणी देत नव्हतं. म्हणून घरात बसून करायचं हे काम म्हणजे तिला देवानं दिल्यासारखं झालं. म्हाताऱ्या माणसांना फोन करायचा, कुठली औषधं हवीत ते विचारायचं आणि बोलता बोलताच फोनमधे भरायचं. त्या कंपनीच्या सलोनी मॅडमनी तिला फोन दिला. कार्ड पिवळं. "तुमच्या वस्तीत हेच सगळ्यात फास्ट आहे. आम्ही सर्व्हे करून घेतलाय," त्या म्हणाल्या. आनंदीचं काम महिनाभर नीट चाललं तर वस्तीतल्या आणखी बायकांना घेणार होत्या. वेणूबाईची लेक त्यात पहिली होती.

आनंदीनं घर झाडून एक कोपरा रिकामा केला. उशी ठेवली, पाण्याचा तांब्या ठेवला. फोन उघडला. त्यावर काहीच आलं नाही. तिनं तो खिडकीत धरला, दारात धरला, मोरीपाशी नेला. कौशल्यानं पत्र्याला काठीनं ढोसून पाहिलं, जणू वर कावळा बसला होता.

"मामाजी," संध्याकाळी ज्ञानदेव आला तेव्हा आनंदीनं विचारलं, "तुमी मोजलं तवा घरात येत होती का रेंज?"

तो वाकून चप्पल काढत होता. "येत होती."

"पिवळ्याची?"

"हो ना."

"मंग आता काऊन नाई येत?"

"काय मालूम. येईन उद्या."

वर मान करून बोलणं त्याला जमलं नाही. चप्पल काढून झाली तरी तो तिच्या पट्ट्याशी खेळत बसला.

दुसऱ्या दिवशी आनंदी पायवाट चढली. एका हातात काठी, एका हातात फोन, काखेत छत्री. दुखरं पाऊल ती आडवं टाकी, मग चांगलं वर ओढी. टाकीपाशी तिला रेंज मिळाली. तिथंच एका दगडावर बसून तिनं काम सुरू केलं. त्यानंतर ती रोजच चढू लागली. दगड तापे म्हणून खाली पोतं घेई. दुपारी छत्रीची सावली एवढीशी होई आणि पडदा उन्हात दिसत नसे, म्हणून ती डोक्यावरून पदर घेऊन त्याच्या अंधारात वाचे. पाणी कमी पी, कारण उठून खाली जाणं म्हणजे पुन्हा चढणं. टाकीवर येणारे टँकरवाले शिट्ट्या मारत. पलीकडून म्हाताऱ्या विचारत, "अगं, एवढा वारा कसला येतोय तुझ्याकडे?"

"पंखा हाये आजी," ती सांगे.

वेणूबाई खालून हाक मारी. "काय गं आनंदे, हापिस उघडलं का? एसी लावलास का न्हाय?" पहिले काही दिवस चेष्टा होती. मग तिच्या लेकीचं काम लांबायला लागलं तशी तिच्या बोलण्यातली चेष्टा आटली. "घरात बसून काम हाय म्हनं. चांगलं घर दाखवलं."

ज्ञानदेव सकाळी लवकर निघू लागला. आनंदी चढताना दिसू नये म्हणून. संध्याकाळी ती पाऊल कोमट पाण्यात घालून बसलेली असे. पाऊल पाण्याबाहेर काढलं की घोट्यापाशी कातडी तुकतुकीत ताणलेली दिसे. तो पंचा घेऊन भिंतीकडं तोंड करून पडे.

"तुमच्या साहेबाला सांगून पाहा ना," कौशल्या म्हणाली. "लाल कार्ड द्या म्हणाव. वेणूबाईचं लाल हाये, तिच्या घरात फोन लागते."

"त्याचं काम मोजाचं हाये. कार्ड द्याचं नाई."

"मंग मोजलं कसं त्यानं?"

 मोजलं कुणी ते तिलाही ठाऊक होतं. पण तिचा संशय नवऱ्यावर गेला नाही. तो यंत्रावर गेला, आमोदवर गेला, पुण्यावर गेला.

वैशाखात एका दुपारी वळवाचा पाऊस आला. वरून दगड सुटतात म्हणून आनंदी घाईनं उतरली, घसरली आणि बसत बसत खाली आली. त्या दुपारचं काम राहिलं. सलोनी मॅडमचा फोन आला तो वेणूबाईच्या फोनवर. ज्ञानदेव पावसामुळं लवकर घरी आला होता. आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू आला.

"आनंदी, रेंज नाही हे कारण मला सांगू नका. तुमच्या वस्तीचा मॅप माझ्यासमोर आहे. हिरवागार आहे."

"मॅडम, घरात येतच नाई. मी वर टाकीपाशी बसते रोज."

"टाकीपाशी? मग घरात बसून करते म्हणून का सांगितलंत? हे बघा, नसेल करायचं तर सरळ सांगा. खोटं बोललेलं मला चालत नाही."

आनंदीनं फोन वेणूबाईला परत दिला. तिच्या साडीला मागं चिखल लागला होता. ती कोपऱ्यात गेली आणि रिकामा तांब्या उचलून पुन्हा तिथंच ठेवला.

"खोटं बोलते म्हणे मी," ती सासूला म्हणाली.

वेणूबाई दारातच उभी होती. "आमच्या पोरीचं बी गेलं म्हना की," ती म्हणाली आणि निघून गेली.

ज्ञानदेव पत्र्यावरून पडणाऱ्या धारेखाली बादली सरकवत होता. बादली भरली, वाहू लागली. त्याच्या लक्षात आलं नाही.

दोन दिवसांनी सलोनी मॅडम स्वतः आल्या. सोबत आमोद होता. नकाशा चुकीचा म्हणताय तर डोळ्यांनी बघू, असं त्यांनी ठरवलं होतं. आमोदनं ज्ञानदेवलाही कामावरून परस्पर बोलावून घेतलं होतं, पाठीवर पिशवीसकट. सगळे आधी वर टाकीपाशी थांबले, कारण गाडी तिथवरच येत होती. मॅडमनी आपला, पिवळ्याच कार्डाचा फोन काढला.

"इथे फुल आहे." त्यांनी आनंदीकडं पाहिलं. "फुल आहे इथे."

"हो मॅडम. घरी या."

आनंदी काठी टेकत पुढं झाली. मॅडम तिच्या मागं. तिचं पाऊल कसं पडतं ते मॅडम पहिल्यांदाच बघत होत्या. अर्ध्या वाटेवर त्यांनी तिचा दंड धरला. आनंदीनं तो हळूच सोडवून घेतला.

घरात कौशल्यानं चटई टाकली होती. मॅडमनी फोन बघितला, हलवला, खिडकीत धरला. काही नाही. त्यांनी तो आमोदपुढं केला.

"हे तुमचं बेस्ट नेटवर्क."

आमोदनं स्वतःचा लॅपटॉप उघडला. नकाशावर बोट ठेवलं. "इथेच टेस्ट झालीय. याच जागेवर. दहा-वीस पावलं इकडे की तिकडे." मग तो वळला. "काका, ही तुम्हीच केलीत ना?"

दारात वेणूबाई, तिची लेक आणि आणखी दोघी-तिघी जमल्या होत्या. ज्ञानदेव चुलीपाशी उभा होता. पिशवी पाठीवरच होती. काढ म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

"मामाजी खोटं नाई करणार," आनंदी म्हणाली. "मी इचारलं होतं त्याईले. त्या दिवशी येत होती घरात. नंतर कायतरी बिघडलं असंन."

ती हे मॅडमना सांगत होती, ठाम. तिला खोटी म्हटलं होतं. सासऱ्याला कुणी तसं म्हणू नये म्हणून ती पुढं झाली होती.

 त्या दिवशी येत होती, असं ज्ञानदेवनं म्हटलं असतं तर आमोदनं मानलं असतं. यंत्र आहे, बिघडतं. मॅडमनी मानलं असतं.

"नव्हती येत," तो म्हणाला.

"काय?" आमोद म्हणाला.

"घरात नव्हती येत. चक्र फिरत होतं. मी बंद केलं. वर जाऊन टाकीपाशी दाबलं."

"का?"

त्याला कापूस आठवला, काटा आठवला, आड आठवला. त्यातलं काही बोलता आलं नाही. "घराचं शून्य कसं देऊ साहेब," तो म्हणाला.

 बाहेर वेणूबाईनं लेकीला कोपरानं ढोसलं.

"फक्त इथे?" आमोदनं हळू विचारलं. "का आणखी कुठे?"

"जिथं जिथं शून्य आलं तिथं."

आमोदनं लॅपटॉप मिटला. त्याच्या तोंडावर नेहमीसारखं काहीतरी तिरकस येऊ पाहत होतं, पण आलं नाही. तो पाण्याच्या पिंपाच्या झाकणावर बसला. महिन्याभरात ज्यांना ज्यांना त्यानं तो नकाशा दिला होता त्यांची नावं तो मनात काढत असावा.

"मी शून्य कसं म्हणून विचारलं होतं काका," तो शेवटी म्हणाला. "पुसा म्हटलं नव्हतं."

"नव्हतं म्हटलं," ज्ञानदेव म्हणाला.

सलोनी मॅडम आनंदीजवळ चटईवर बसल्या. "मी तुम्हाला खोटं म्हटलं," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं." आनंदीनं मान हलवली, पण ती त्यांच्याकडं बघत नव्हती. ती सासऱ्याकडंही बघत नव्हती. कौशल्या मात्र बघत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं परक्यासारखं तिनं त्याला कधी न्याहाळलं नव्हतं.

"वेणूबाईंचा फोन इथे लागतो, तेच लाल कार्ड देऊ या यांना," मॅडम म्हणाल्या.

"मोजल्याशिवाय नको," आमोद उठला. "आता मोजल्याशिवाय काही नको. काका, सगळं पुन्हा चालायचं. पेठा, मंडई, सगळं. इथून सुरू करा. याच घरात, आत बसून. तीनदा घ्या. मी वर गाडीत थांबतो." दारात तो क्षणभर थांबला. "जे येईल ते येऊ द्या," तो म्हणाला आणि गेला. मॅडमही गेल्या. दारातल्या बायका एकेक करून पांगल्या. कौशल्या घागर घेऊन नळावर गेली. नळाला पाणी यायची ती वेळ नव्हती.

ज्ञानदेवनं पिशवी उतरवली. तिन्ही फोन चटईवर ओळीनं मांडले. समोर आनंदी भिंतीला टेकून बसली होती, दुखरं पाऊल पुढं पसरून. दोघांच्या मधे फोन. त्यानं बटण दाबलं.

लालचा आकडा लवकर आला. लहान, पण आला. निळ्यावर आणि पिवळ्यावर चक्र फिरू लागलं. चांगला आकडा चटकन येतो. शून्याला फार वेळ लागतो. फोन शोधतो, थांबतो, पुन्हा शोधतो आणि अगदी दमल्यावर शून्य कबूल करतो. त्या पहिल्या दिवसानंतर ज्ञानदेवनं एवढा वेळ कधी दिला नव्हता. चक्र फिरत राहिलं. पत्रा उन्हानं तडतडत होता. आनंदीच्या घोट्यावर माशी बसली, ती तिनं हाकलली नाही. त्याला वाटलं, आता ही विचारेल. मी विचारलं तेव्हा का सांगितलं नाही, एवढंच विचारेल.  तिनं विचारलंच नाही.

निळ्यावर शून्य आलं. मग पिवळ्यावर.

आनंदी पुढं वाकली. तिन्ही पडदे तिनं एकेक करून नीट पाहिले.

"अजून दोन खेपा राह्यल्या," ती म्हणाली आणि पुन्हा भिंतीला टेकून बसली.

त्यानं बटण दाबलं.